मानधन की वेतन?

तीन ते सहा वर्षांची मुले सकाळी अंगणवाडीत जमतात. गाणी, गोष्टी, चिंचोके मोजण्याचा खेळ आणि मग गरम आहार, असा त्यांचा दिनक्रम असतो. मुले घरी गेली तरी सेविकेचे काम संपत नाही. वजन-उंचीच्या नोंदी, गरोदर स्त्रियांच्या गृहभेटी, लसीकरणाची आठवण हीही तिचीच जबाबदारी.

मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा विचार ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे रुजविला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ही वर्षे शिक्षणाचा पाया मानली. मात्र तो पाया घालणारी स्त्री सरकारदरबारी ‘मानसेवी’च राहिली. केंद्राने २०१८ साली तिचे मानधन दरमहा ४,५०० रुपये ठरविले. राज्ये त्यात आपापली भर घालतात.

वेतन म्हटले की किमान दर, महागाई भत्ता, निवृत्तिवेतन यांचा हक्क सांगता येतो. मानधन हे देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. उरलेले हक्क देताना खर्चाची सबब पुढे केली जाते. परंतु अल्प मोबदल्यातून सरकार जी बचत करते, तिचा भार गरीब स्त्री मुकाट्याने सोसत असते. अर्थसंकल्पात तो दिसत नाही, एवढेच. पाया पक्का हवा असेल, तर तो घालणाऱ्या हातांना कामाचे दाम मिळालेच पाहिजे.