माहिती आणि ओळख

आमच्या शेजारचे तात्या निवृत्त पोस्टमास्तर आहेत. स्वभावाने चौकस, आणि प्रश्न विचारताना पुढच्याला अवघड वाटेल की काय याचा विचार न करणारे. गेल्या महिन्यात ओट्यावर बसलो असता त्यांनी मला एकाएकी विचारले, "काय हो मास्तर, तुम्ही ख्रिस्ती लोक 'मी प्रभूला ओळखतो' असे सारखे म्हणता. दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या माणसाला आज ओळखायचे म्हणजे काय करायचे? आम्ही शिवाजीमहाराजांना मानतो. पण त्यांची न् माझी ओळख आहे असे मी सांगू लागलो, तर घरची माणसे मला येरवड्याची वाट दाखवतील!"

मी हसलो खरा, पण प्रश्न रास्त होता. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या माणसाला तो सहसा कोणी विचारीत नाही. काही वाक्ये लहानपणापासून जिभेला इतकी सवयीची झालेली असतात, की ती बोलताना मनाला तसदी पडत नाही. दिवाळी अंकासाठी विषय शोधतच होतो. तेव्हा तात्यांचे देणे जाहीररीत्याच फेडावे म्हणतो.

जन्मभर मराठी शिकवीत आलो, म्हणून आधी शब्दांकडे वळतो. आपल्या भाषेत माहीत असणे निराळे आणि ओळखणे निराळे. पोस्टमास्तरांना अख्ख्या गावाचा पत्ता माहीत असतो. पण ओळख म्हणाल तर ज्याच्या ओट्यावर ते चहाला टेकतात त्याची. माहिती एकट्याने मिळवता येते. ओळखीला दोघे लागतात.

हा फरक आमच्या मंडळीत जर कोणी स्वच्छ सांगितला असेल, तर तो पंडिता रमाबाईंनी. माहितीला त्यांच्याकडे काय तोटा होता? आईच्या तोंडून संस्कृत शिकलेल्या, भागवत मुखोद्गत असलेल्या या बाईला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे केवढी खळबळ उडाली हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिकडेही बाई काही मुकाट बसल्या नाहीत. ज्यांच्या आश्रयाला होत्या त्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांनी पत्रोपत्री वाद घातला. त्रैक्याचे मत माझ्या बुद्धीला पटेल तेव्हा मानीन, म्हणाल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असेही विचारले. मला तर ही पत्रे त्यांच्या पुष्कळशा चरित्रांहून अधिक आवडतात.

पुढे १९०७ साली इंग्रजीत आपली साक्ष लिहिताना त्यांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. निमित्त झाले हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याच्या आत्मवृत्ताचे. हा गृहस्थ पाद्री झाल्यानंतर, व्यासपीठावरून लोकांना उपदेश करीत असताना, स्वतः पालटला होता! बाई तेव्हा पुण्यात शारदासदन चालवीत होत्या. या धर्मासाठी त्यांनी आप्तस्वकीयांचा रोष पत्करला होता, जगभर त्यांचे नाव झाले होते. अशा वेळी 'मुख्य गोष्ट अजून हाती यायची आहे' असे स्वतःशी कबूल करायला किती धैर्य लागले असेल!

आमच्या उपदेशकांना मात्र या कथेतले एक साल तेवढे आवडते. १८९१ च्या आधी अंधार आणि नंतर लख्ख उजेड, असे ते सांगतात. मला हे पटत नाही. ती आठ वर्षे, ते वाद, ते हट्टाने विचारलेले प्रश्न हीदेखील ओळखच होती. भांडल्यावाचून ओळख मुरत नाही, हे कोणत्याही नवराबायकोला विचारा. आणि १८९१ नंतर तरी ती कुठे पुरी झाली? ज्या बाईने कोवळ्या वयात दुष्काळात आईबाप गमावले, ती १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आली. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. मग उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर करायला बसली. पंडिता असूनही संस्कृत शब्दांची आरास टाळली, कारण वाचणारी बाई खेड्यातली होती. १९२२ साली बाई गेल्या, आणि संपूर्ण भाषांतर १९२४ साली छापून आले.

आता माझ्याविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर तात्या म्हणतील, दुसऱ्याच्या ओळखीवर मास्तर किती दिवस काढणार?

अकरा वर्षांपूर्वी माझी पत्नी आजारी पडली. पाच महिने इस्पितळाच्या फेऱ्या झाल्या. मी प्रार्थना केली; अलंकारिक नव्हे, अगदी सावकाराच्या दारात उभे राहून करावी तशी. ती गेली. भेटायला येणारे 'देवाची इच्छा' म्हणत आणि चहा पिऊन जात. त्यांचा हेतू चांगला होता. पण देवाविषयीची माझी सगळी माहिती त्या दिवसांत माझ्या कामी आली नाही. त्यानंतर सात-आठ महिने माझ्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघाला नाही. सकाळी चहाच्या आधी आम्ही दोघे शुभवर्तमानाचा एक उतारा वाचत असू. तेवढी सवय उरली होती, म्हणून एकटाच वाचीत राहिलो.

असाच एके दिवशी मार्ककृत शुभवर्तमानातल्या गेथशेमानेच्या बागेपाशी आलो. हा प्रसंग मी वर्गात, रविवारच्या शाळेत, कितीदा सांगितला असेल! हा प्याला माझ्यापासून दूर कर, असे येशू पित्याला विनवतो. तो दूर होत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले, की मला मिळालेले उत्तर त्यालाही मिळाले होते. दुःख हलके झाले नाही, कशाचा उलगडाही झाला नाही. पण खोलीत मी एकटा नाही असे वाटले. जो तिथे होता तो मला काही समजावून सांगत नव्हता.

तात्यांना मी हे असे सांगू शकलो नाही. त्यांना मी मार्कच्या आठव्या अध्यायातल्या बेथसैदा गावच्या आंधळ्याची गोष्ट सांगितली. येशूने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवून विचारले, काही दिसते का? तो म्हणाला, माणसे दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. तेव्हा येशूने पुन्हा हात ठेवले आणि मग त्याला स्पष्ट दिसू लागले. साऱ्या शुभवर्तमानांत टप्प्याटप्प्याने बरा झालेला माणूस एवढाच. मला तो फार जवळचा वाटतो. 'दिसते, दिसते' म्हणून तो घाईने निघून गेला नाही. झाडे दिसतात तर झाडे दिसतात म्हणाला.

अलीकडे मी तिच्याच बायबलातून वाचतो. तिने जागोजाग पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आहेत. पुष्कळ खुणांचे कारण मला कळते. काही मात्र नुसत्या नावांच्या यादीपाशी आहेत; अमक्याचा पुत्र तमका, त्याचा पुत्र आणखी कोणी. तिथे तिला काय दिसले होते ते मी अजून शोधतो आहे.