‘फॅमिली बॅकग्राऊंड काय?’ : मेरिटवाल्यांचा जातीचा कॉलम

घाटकोपरपासून मरोळ नाका मेट्रोचं चौथं स्टेशन. तिथून सीप्झ जवळच. पण घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात घरातली पहिली डिग्री मिळवलेल्या कॉम्प्युटर इंजिनिअरला हे एवढंसं अंतर पार करताना घाम फुटतो. का? मेरिटवाल्यांचं उत्तर तयार असतं : ‘तुमचं मेरिट कमी पडतं. आयटीत जात नसते, कोडला जात कळत नाही.’

कोडला कळत नाही, मान्य. पण कोड लिहायला खुर्ची देणाऱ्याला ती बरोबर कळते.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. मुलाखत झाली नव्हती, टेस्ट झाली नव्हती. मग मेरिट तपासलं कधी?

मुलाखतीपर्यंत पोहोचलात, तर पुढचा सापळा तयार असतो. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं. अधिकारी मेरिटचे गोडवे गात होते आणि उमेदवाराला ‘फॅमिली बॅकग्राऊंड’ही विचारत होते. वडील काय करतात? राहता कुठे? वडील पालिकेत सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते, या उत्तराचा पायथॉनशी संबंध काय? काहीच नाही. फॉर्मवर जातीचा कॉलम नाही, म्हणून तो तोंडी भरून घेतात.

तिसरी गोष्ट रेफरल. आतल्या माणसाने आपल्या ओळखीच्या माणसाचं नाव पुढे करायचं. सरकारी नोकरीत यालाच वशिला म्हणून नाकं मुरडतात. कंपनीत त्यावर बोनस मिळतो! ज्याच्या काका-मामात, सोसायटीत, कुणीच आयटीत नाही, त्याचं नाव पुढे कोण करणार?

‘कंपनी खासगी आहे, आरक्षण कसलं मागता?’ असं विचारणाऱ्यांनी सीप्झचा इतिहास वाचावा. १९७३ साली केंद्र सरकारने ते निर्यातीसाठी उभारलं. सॉफ्टवेअर निर्यातीला २०११ पर्यंत आयकरात घसघशीत सूट होती. सवलत घेताना तिजोरी सगळ्यांची, नोकरी देताना कंपनी खासगी? २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी कॉलेजातल्या प्रवेशासाठी आरक्षणाची वाट मोकळी झाली. मग त्याच कॉलेजात कॅम्पस प्लेसमेंटला आलेल्या खासगी कंपनीच्या दारात ती का अडते? खासगी क्षेत्रात आरक्षण ही भीक नाही, आपल्या पैशाचा हिशोब आहे.

कायदा होईपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही. आत असलेल्यांनी आपल्या कंपनीची भेदभावविरोधी पॉलिसी उघडून बघा. धर्म असेल, लिंग असेल. ‘जात’ शब्द आहे का? नसेल तर लेखी मागा. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीभेदाविरुद्ध कायदा केला. तिथे जमतं, तर अंधेरीत का नाही?

आणि एक कडू गोष्ट. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी समाजाला दगा दिल्याची खंत बोलून दाखवली होती. पवईत, मुलुंडमध्ये फ्लॅट घेऊन वस्तीचा पत्ता विसरलेल्या सीनिअर इंजिनिअरांनो, ती खंत आज तुमच्यासाठी आहे. तुमच्या कंपनीत जागा निघाली की पहिला फोन वस्तीतल्या पोरीला जाऊ द्या. रविवारी बुद्धविहारात दोन तास बसा, रिझ्युमे तपासा, मुलाखतीचा सराव घ्या. त्यांचं नेटवर्क हजारो वर्षांचं आहे. आपलं आपल्यालाच बांधावं लागेल, आणि ते या रविवारपासून.

जय भीम!