कानांची साक्ष काढा!

या लेखात मी काही लोकांवर जरा कडक टीका करणार आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकलेले बरे, की गेली दोन वर्षे त्या लोकांत मीही होतो, आणि चांगला पुढच्या रांगेत होतो.

गाणे ऐकणाऱ्यांत अलीकडे एक नवी जात निपजली आहे. पूर्वीचे रसिक विचारीत, ‘काय ऐकलेत? कोणाचे ऐकलेत?’ ही मंडळी विचारतात, ‘कशावर ऐकलेत?’ तुम्ही भाबडेपणाने सांगावे की खिशातल्या प्लेअरवर, आणि त्यांच्या मुद्रेवर अशी काही करुणा दाटून येते, की जणू तुम्ही श्रीखंड वर्तमानपत्राच्या कागदावर वाढून घेऊन खाल्लेत! मग ते तुम्हाला दीक्षा देतात. गाणे साठवलेले असते आकड्यांत. त्या आकड्यांचा पुन्हा नाद करण्यासाठी लागतो तो डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर, लाडाचे नाव डॅक. खिशातल्या यंत्रात तो मेला स्वस्तातला, कोपऱ्यात कोंबलेला. खरा डॅक म्हणजे स्वतंत्र, धातूच्या पेटीतला, टेबलावर विराजमान झालेला. त्यातून ऐकले की म्हणे गाण्यावरचा पडदा दूर होतो, स्वरांच्या मधली ‘हवा’ ऐकू येते आणि शांततासुद्धा अधिक काळीभोर होते.

मी अशी पेटी घेतली. दिवाळीचा बोनस तिच्यात गेला. हवा ऐकू आली, शांतता काळी झाली, सगळे यथासांग झाले. तिथेच थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती. पण नव्या दीक्षिताला दुसऱ्याला बाटवल्याशिवाय चैन पडत नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, स्वयंपाक करताना एक जुना बोटभर प्लेअर कमरेला खोचून गाणी ऐकत असे. भाच्याने त्यात नाट्यपदे, अभंग, जुन्या तबकड्यांवरचे ख्याल भरून दिले होते. पोळ्या लाटता लाटता तिची मान डोलत असे. एके दिवशी मी तिला म्हणालो, “अक्का, हे गाणं नव्हे, गाण्याचा सांगाडा आहे. याच्यापेक्षा न ऐकलेलं बरं!” ती हसली. पण प्लेअर कपाटाच्या खणात गेला तो गेलाच. आपल्याला काही कळत नाही, आपण उगीच डोलत होतो, असे तिच्या मनाने घेतले. स्वयंपाकघर मुके झाले, आणि मला त्याचा पत्तासुद्धा नव्हता, कारण मी माझ्या खोलीत काळीभोर शांतता ऐकत बसलो होतो.

या दिवाळीत भाचा घरी आला. तो इंजिनीअरिंग शिकतो. फराळ आटोपल्यावर मी त्याला पेटीचे माहात्म्य सांगू लागलो. त्याने चकलीचा तुकडा मोडीत शांतपणे विचारले, “मामा, न बघता ओळखाल?”

“झोपेतसुद्धा ओळखीन!” मी म्हणालो.

त्याने अक्काचा प्लेअर खणातून काढला. तो प्लेअर आणि माझा डॅक एका लहानशा स्विचला जोडला, दोहोंवर तेच गाणे, कानाला तोच हेडफोन. संतूर आणि तबल्याचे स्वच्छ ध्वनिमुद्रण मीच निवडले होते. मला भिंतीकडे तोंड करून बसवले. मागे चादरीच्या आडोशाला अक्का बसली: तिने नाणे उडवायचे, छापा पडला तर प्लेअर, काटा पडला तर डॅक, कागदावर टिपून ठेवायचे, बोलायचे मुळीच नाही, तयारी झाली की लाटण्याने पाटावर एक टकटक करायची. सोळा वेळा. मी सोळांपैकी पंधरा वेळा बरोबर सांगितले! मिशीला पीळ भरणार, तोच भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही यंत्र नाही ओळखलंत. आवाज मोठा कुठला ते ओळखलंत.”

त्याने दोहोंवर एक स्थिर सूर वाजवला आणि मल्टिमीटर लावून दाखवला. प्लेअरमधून २०० मिलिव्होल्ट निघत होते, डॅकमधून २२४. म्हणजे माझी पेटी सुमारे एक डेसिबलने चढी होती. वाचकहो, सगळ्या भांडणाची मेख इथे आहे. आवाजात इतका लहान फरक असला की कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. अधिक स्वच्छ, अधिक भरदार, अधिक जवळचा. आवाज चढला की खर्ज कानाला अधिक भरून येतो, हे तर फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले आहे. खिशातली यंत्रे बहुधा एक व्होल्ट किंवा त्याहून कमी देतात. टेबलावरचे डॅक सर्रास दोन व्होल्टांचे असतात. दुकानात दोन्ही नुसती जोडून ऐकवली, की गिऱ्हाइकाने कोणते घ्यावे ते आधीच ठरलेले असते. तराजूच्या एका पारड्याखाली बोट लावून गूळ विकणाऱ्याला आपण लबाड म्हणतो. इथे त्याला जाणकार म्हणतात!

दोन्ही आवाज सारखे करून पुन्हा सोळा वेळा ऐकले. या खेपेला मी डोळे मिटले, श्वास रोखला, मनातल्या मनात कुलदैवताला साकडे घातले. सोळांपैकी नऊ बरोबर. डोळे झाकून नुसते अंदाज ठोकले असते तरी सरासरीने आठ आले असते. सोळा वेळा नाणे उडवले तर निकालांच्या एकंदर जुळण्या होतात ६५,५३६, आणि बारा किंवा अधिक उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याचा संभव शंभरात चारांहूनही कमी असतो. मला बारा आले असते तर मी हा लेख उलट्या बाजूने लिहिला असता. ६५,५३६ हा आकडा मजेचा आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनीची प्रत्येक नोंद नेमक्या तितक्याच पायऱ्यांपैकी एका पायरीवर केलेली असते.

‘पायऱ्या’ म्हटले की पेटीवाले तत्काळ जिन्याचे चित्र काढतात. खरा नाद म्हणजे वळणदार रेषा, आकड्यांतला नाद म्हणजे खडबडीत जिना, आणि महागडा डॅक तो जिना घासूनपुसून गुळगुळीत करतो, असे ते चित्र. हे चित्र खोटे आहे. एका ठरावीक मर्यादेखालच्या कंपनांची रेषा तिच्यावरच्या पुरेशा दाट बिंदूंवरून जशीच्या तशी परत मिळते, हे कोटेल्निकोव्हने १९३३ साली आणि शॅननने १९४९ साली गणिताने सिद्ध केले. सीडीवर सेकंदाला ४४,१०० बिंदू असतात. त्यांतून २२,०५० कंपनांपर्यंतचा नाद पुरा मिळतो. माणसाचा कान तरुणपणी २०,००० पर्यंत जातो, आणि बोनस साठवून असल्या पेट्या घेण्याचे वय होईतो बराच खाली उतरलेला असतो. बाहेर पडणाऱ्या नादात जिना नसतोच. तो यंत्रातल्या गाळणीत आधीच विरलेला असतो, स्वस्त यंत्रातही.

आणि स्वस्त यंत्र तरी म्हणायचे कशाला? डॅकशिवाय प्लेअर बोलूच शकत नाही. २०१६ साली अॅपलने आयफोन ७ मधून हेडफोन लावायचे भोक काढून टाकले, तेव्हा फोनसोबत वीतभर वायरीचा एक तुकडा दिला. त्या तुकड्याच्या टोकात अख्खा डॅक बसवलेला होता! पन्नास वर्षांपूर्वी ज्याला कपाट लागले असते ते आज नखाएवढ्या चकतीत मावते. मग टेबलावरच्या पेटीत उरलेली जागा कशाची, असे कोणी विचारले तर त्याला नास्तिक ठरवतात.

‘तुमचेच कान गेलेत’ असे प्रतिपक्ष म्हणेल. जाऊ देत माझे कान. बॉस्टन परिसरात मेयर आणि मोरान यांनी केलेला प्रयोग २००७ साली ध्वनिशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा जसेच्या तसे आणि एकदा सीडीच्या दर्जाच्या मापातून गाळून ऐकवले. ऐकणाऱ्यांत ध्वनिमुद्रणाचा धंदा करणारे होते, शौकीन होते. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे शेकडा ४९.८. हा नाणेफेकीचाच निकाल झाला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की २०१६ साली जोशुआ रीस यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा निम्म्याहून किंचित अधिक उत्तरे बरोबर भरली. फरक असेल तर तो इतका! त्याला ‘पडदा दूर झाला’ म्हणणे म्हणजे पहाटेच्या दवाला महापूर म्हणणे आहे.

वेगळी पेटी कधीच कामाची नसते, असे मात्र मी म्हणत नाही. काही मोठे हेडफोन तीनशे किंवा सहाशे ओहमचे असतात. त्यांना हलवण्यापुरता दाब खिशातल्या यंत्रात नसतो, मग आवाज दबतो. काही नाजूक इअरफोन उलट दोष दाखवतात: शांत जागी बारीक खरखर ऐकू येते, किंवा यंत्राच्या बाहेर पडण्याच्या वाटेचा अडथळा जास्त असला की खर्जाचा तोल जातो, तो अडथळा इअरफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा ठोकताळा आहे. कॉम्प्युटरला जोडल्यावर गुणगुण येत असेल तर तीही बाहेरच्या पेटीने जाते. ही सगळी दुखणी खरी आहेत. पण त्यांतले पहिले दुखणे आवाज वर्धित करणाऱ्या अॅम्प्लिफायरचे आहे, डॅकचे नव्हे; आणि एकही दुखणे ‘हवे’चे नाही. गुडघा दुखत असताना चष्म्याचा नंबर बदलून उपयोग काय?

पैसा खर्चायचाच असेल तर हेडफोनवर खर्चा. एका हेडफोनचा आवाज दुसऱ्याशी जुळत नाही, हे डोळे बांधून कोणीही पोर सांगेल. आणि त्याहूनही आधी, मुळात काय मुद्रित झाले आहे ते पाहा. गोव्यात केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घालून अंतराळात धाडली. साडेतीन मिनिटांचे जुने मुद्रण ते. खरखर आहे, वरची कंपने जवळजवळ नाहीतच. जे त्या वेळी मायक्रोफोनने टिपलेच नाही ते आज जगातला कोणता डॅक आणून देणार? आणि जे टिपले आहे, तो स्वराचा लगाव, ती तानेची फेक, ते बोटभर प्लेअरमधूनही पुरेपूर येऊन पोहोचते. ज्यांनी ते गाणे तारांगणात पाठवले, त्यांनी मुद्रणाची खरखर पाहिली नाही. आम्ही मात्र ते स्वयंपाकघरात पाठवायला पेटीची अट घातली.

माझे भांडण पेटी घेणाऱ्यांशी नाही. हौसेला मोल नसते. चांदीच्या वाटीत आमटी वाढून घ्यावी, जरूर घ्यावी. मात्र चांदीमुळे आमटीला चव आली असे सांगत फिरू नये, आणि स्टीलच्या वाटीतून जेवणाऱ्याला उपाशी तर मुळीच ठरवू नये. न तपासलेल्या मताने फार तर आपलाच खिसा रिकामा व्हावा. त्याने दुसऱ्याचा आनंद हिरावला जातो तेव्हा तो शौक राहत नाही, उद्धटपणा होतो. तो मी केला आहे.

प्रयोग संपल्यावर अक्का चादरीआडून बाहेर आली. छाप्या-काट्यांचा कागद तिने माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, “म्हणजे दोन वर्षं मी उगीचच गप्प बसले म्हणायची!”

मला उत्तर सुचले नाही. मी प्लेअर चार्जिंगला लावला.

तेव्हा माझ्या मताचा कोणाला राग आला असेल तर खुशाल यावा, वादाला मी तयार आहे. अट एकच: येताना पेटी आणा, मल्टिमीटर आणि स्विच आम्ही देऊ, नाणे अक्का उडवील. सोळांत बारा ओळखा आणि मग मला काय ते सुनवा. तोवर कोणाच्या कमरेला खोचलेल्या गाण्याला नावे ठेवू नका.