जुनी अवजारे विकताना : आधी पैसे, मग माल



सुगी आटोपली की गोठ्यामागे पडलेल्या जुन्या वस्तूंकडे आपले लक्ष जाते. सौरपंप बसल्यामुळे डिझेल इंजिन अडगळीत गेलेले असते. जनावरे कमी केल्यामुळे कडबाकुट्टी गंजत असते. पूर्वी अशी वस्तू आठवडे बाजारात न्यायची, चार माणसांसमक्ष सौदा ठरायचा आणि नोटा मोजून कनवटीला लावायच्या. आज मुलगा मोबाईलवर फोटो टाकतो आणि तासाभरात शंभर कोसांवरून फोन येतो. गिऱ्हाईक वाढले, हे चांगलेच झाले. पण ते डोळ्यांसमोर नसते, हे विसरू नये.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या कार्यक्षेत्रातील एका ताईंनी कडबाकुट्टी विकायला काढली. सौदा ९,००० रुपयांना ठरला. फोन करणाऱ्याने आपण फौजेत असल्याचे सांगितले, गणवेशातला फोटोही धाडला. ताईंनी मला विचारले, "साहेब, पैसे मोबाईलवर घेतले तर चालतील ना?" मी बैठकीत होतो. "घ्या की, काही होत नाही," एवढे बोलून फोन ठेवला.

त्या माणसाने एक क्यूआर कोड पाठवला. "ताई, खात्रीसाठी आधी पाच रुपयांचे करून पाहू," म्हणाला. ताईंनी तो स्कॅन करून पिन टाकला. पाच रुपये गेले आणि लगेच दहा आले. विश्वास बसला. दुसऱ्या कोडला पिन टाकला, तेव्हा ९,००० रुपये आले नाहीत, गेले. मुलीच्या वसतिगृहासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते. माझे उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे आज लिहितो.

पहिली गोष्ट. यूपीआयची पद्धत २०१६ साली सुरू झाली, तेव्हापासून तिचा नियम एकच आहे : पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही. धान्याच्या कोठीला वर तोंड असते आणि खाली झडप. पिन ही त्या खालच्या झडपेची किल्ली समजा. वरून धान्य ओतणाऱ्याला तिची गरज नसते. ती फिरवली की धान्य बाहेरच पडणार. क्यूआर कोडचेही तसेच. स्कॅन करतो तो पैसे देणारा. म्हणून विकणाऱ्याने आपला कोड दाखवावा, दुसऱ्याचा कधीही स्कॅन करू नये. गिऱ्हाइकाला आपला यूपीआय आयडी, किंवा खाते क्रमांक व आयएफएससी कोड एवढेच द्यावे. ओटीपी, पिन, एटीएम कार्डावरचे आकडे मुळीच देऊ नयेत.

दुसरी गोष्ट. पैसे आल्याचा संदेश म्हणजे पैसे नव्हेत. संदेश बनावट करता येतो आणि पावतीचे चित्रही. आपल्या खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी. साधा फोन असेल, तर बँकेकडे नोंदवलेल्या क्रमांकावरून *९९# लावूनही शिल्लक कळते. रक्कम खात्यात दिसल्याखेरीज वस्तू टेंपोत चढवू देऊ नये.

तिसरी गोष्ट. "चुकून दोन हजार जास्त गेले, तेवढे परत धाडा," असा फोन आला तर घाई करू नये. बहुतेक वेळा मुळात काही आलेलेच नसते. शिल्लक पाहावी. खरोखर जास्त आले असतील तर बँकेत जाऊन सांगावे. तसेच कोणी पाठवलेली फाईल उघडून अ‍ॅप बसवू नये, आणि आपला पडदा त्याला दिसेल असे काही चालू करू नये.

आता कोणत्या व्यवहाराला कोणती रीत बरी, ते पाहू. मोटर, पाइप, फवारणी पंप अशा लहान वस्तूंसाठी गिऱ्हाइकाला दारात बोलवावे. त्याने वस्तू पाहावी आणि आपल्यासमोर यूपीआयने किंवा रोख पैसे द्यावेत. ट्रॅक्टरसारख्या मोठ्या सौद्याला बँकेतून बँकेत पैसे घेणे उत्तम. २ लाख व त्यावरील रकमेसाठी आरटीजीएस आहे, कमी रकमेसाठी एनईएफटी. दोन्ही सोयी चोवीस तास चालतात. एनईएफटीचे पैसे अर्ध्या अर्ध्या तासाच्या फेरीने जातात, तेव्हा थोडे थांबावे. २ लाख किंवा अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे. चेक किंवा डीडी मिळाला, तर तो वटून रक्कम जमा होईपर्यंत चावी आपल्या खिशात ठेवावी. ट्रॅक्टरच्या नाव-बदलाच्या २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर सही पैसे जमा झाल्यावरच करावी. मात्र नंतर नाव-बदल लांबवू नये, नाहीतर दुसऱ्याच्या अपघाताचे लचांड आपल्या मागे लागते.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर त्याच घटकेला १९३० हा क्रमांक लावावा आणि बँकेलाही कळवावे. पैसे पुढे काढले जाण्याआधी तक्रार पोचली, तर ते ठगाच्या खात्यात अडवता येतात. ताईंनी घरात बोलणी बसतील म्हणून तीन दिवस कोणाला सांगितले नाही. तोवर खाते रिकामे झाले होते. पैशापेक्षा त्या तीन दिवसांची हळहळ मला अधिक वाटते. घरच्या माणसांनो, अशा वेळी रागावू नका. आधी फोन लावा.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. ताईंनीच मला सांगितले, "साहेब, माझे नाव नका घालू, पण हे लिहा." त्यांनी आता गोठ्याच्या दारावर खडूने एक ओळ लिहून ठेवली आहे : पैसे घ्यायला पिन लागत नाही. आपणही ती लिहून ठेवावी.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी