खोकं आधी तोलाचं, मग तोऱ्याचं



हळद शिजून, पॉलिश होऊन घरात आली, किंवा संत्र्याचा आंबिया बहार तोडणीवर आला, की आपल्या जिल्ह्यात आणखी एक हंगाम सुरू होतो. खोकी छापायचा हंगाम. कोणीतरी प्रशिक्षणाला जाऊन येतो. तिथं सांगितलेलं असतं, "पॅकेजिंग म्हणजेच ब्रँडिंग". मग चार रंगांचं डिझाइन व्हॉट्सअॅपवर फिरतं. वर उगवता सूर्य, खाली हिरवं शेत, मधे बैलजोडी (घरी ट्रॅक्टर असला तरी), आणि इंग्रजीत 'प्रीमियम क्वालिटी'. खाली फोन नंबर. वजन कुठंच नाही, तोडणीची तारीख नाही, पेटी किती किलो झेलते याचा पत्ता नाही.

आपल्या भागात खोकं चुकीच्या टोकाकडून मागवलं जातं, आणि हे शिकवणारे आपलं नुकसान करताहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. शेतकऱ्याचं खोकं हे आधी माप आहे, मग भिंत आहे, मग कागदपत्र आहे आणि सगळ्यात शेवटी जाहिरात आहे. आपण जाहिरातीपासून सुरुवात करतो आणि तिथंच थांबतो.

खोकं म्हणजे माप

हिमाचलच्या सफरचंदवाल्यांकडे बघा. तिथं वर्षानुवर्षं टेलिस्कोपिक पेटी चालायची. म्हणजे दोन भागांची, झाकण वर सरकणारी. झाकण वर सरकलं की आत आणखी एक थर बसतो. भाव ठरायचा पेटीवर आणि पेटीत जायचे 28-30 किलो, कधी त्याहून जास्त. वरचा माल फुकट. बागायतदार कितीतरी वर्षं यावर ओरडले. शेवटी 2024 च्या हंगामापासून हिमाचल सरकारनं युनिव्हर्सल कार्टन सक्तीचं केलं. एका तुकड्याची, ठरलेल्या मापाची पेटी. तिच्यात 20-22 किलोच्या वर माल बसतच नाही. भांडणाचा मुद्दाच पुठ्ठ्यानं संपवला.

यातून काय शिकायचं? खोक्याची लांबी-रुंदी-उंची हा डिझायनरनं ठरवायचा विषय नाही. तो तुमच्या पैशाचा विषय आहे. 10 किलोची म्हणून मागवलेली पेटी दाबून भरली की साडेअकरा घेत असेल, तर प्रत्येक पेटीमागे दीड किलो तुम्ही दान करता. उलट ढिली राहिली, तर संत्री आत आपटतात आणि पोचेपर्यंत डागाळतात. म्हणून आधी आपलंच फळ, आपल्याच प्रतवारीचं, जमिनीवर रचून मोजा. मग आतलं माप मिलिमीटरमध्ये लिहून द्या. आतलं माप. बाहेरचं दिलं, तर पुठ्ठ्याची जाडी तुमच्या मालातून वजा होते.

खोकं म्हणजे भिंत

"पाच प्लाय आहे भाऊ, मजबूत आहे," एवढ्यावर आपण अॅडव्हान्स देतो. पाच प्लाय म्हणजे फक्त पाच थर: तीन सपाट, दोन नालीदार. ते थर कोणत्या कागदाचे, हे विचारलंच नाही तर पाच प्लायला काही अर्थ नाही. विचारायच्या गोष्टी दोन. पहिली जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. दुसरी बीएफ, म्हणजे बर्स्ट फॅक्टर. 150 जीएसएम आणि 20 बीएफचा एक थर साधारण 3 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला फुटतो (150 गुणिले 20, भागिले 1000). तोच कागद 16 बीएफचा असेल तर 2.4 लाच. वजन तेवढंच, रंग तोच, ताकद कमी. कोटेशनवर हे दोन आकडे थरागणिक लिहून मागा. जो लिहून देत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

खरं-खोटं तपासायला लॅब लागत नाही. नमुन्याच्या पेटीतून 10 सेंमी बाय 10 सेंमीचा चौकोन कापा आणि गावातल्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम भरतील, त्याला 100 नं गुणा. तेवढं त्या पुठ्ठ्याचं एकूण जीएसएम. सगळे थर 150 चे असले, तर पाच प्लायचा तुकडा 9 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. (नालीदार थराला वळ्या असतात, म्हणून एक मीटर पुठ्ठ्याला त्या थराचा साधारण 1.4 मीटर कागद लागतो. वर थोडा गोंद.) 120 च्या तीन प्लायचा तुकडा चार-साडेचार ग्रॅम. सांगितले नऊ आणि भरले सात, तर बोलणं तिथंच थांबवा. बीएफ मात्र या काट्यावर कळत नाही. त्यासाठी कारखान्याचा टेस्ट रिपोर्ट मागावाच लागतो.

आता भार. 10 किलोच्या पेट्या गाडीत आठ थर लावल्या, तर सगळ्यात खालच्या पेटीवर सात पेट्या म्हणजे 70 किलो. वर रस्त्याचे धक्के, दमट हवा आणि दोन दिवसांचा प्रवास. म्हणून निदान तिप्पट धरायचं: 210 किलो. शेतकऱ्याची चाचणी सोपी आहे. रिकामी पेटी टेप लावून बंद करा, वर सपाट फळी ठेवा आणि युरियाच्या 45 किलोच्या पाच गोण्या एकेक करून चढवा. 225 किलो झाले. रात्रभर राहू द्या (पोरांना जवळ जाऊ देऊ नका). सकाळी पेटी उभी असेल तर ऑर्डर द्या.

आणखी चार गोष्टी, ज्या डिझाइनवाला कधीच सांगत नाही:

- पेटीचा बराचसा भार चार उभ्या कोपऱ्यांवर असतो. हवेची भोकं आणि हाताची खाच कोपऱ्यांपासून लांब, भिंतीच्या मधल्या भागात घ्या. संत्रं तोडल्यावरही श्वास घेतं, त्यामुळे भोकं लागतातच. भिंतीच्या सुमारे 5 टक्के जागा पुरते.
- पुठ्ठ्याच्या नाळ्या पेटीत उभ्या यायला हव्यात. आडव्या आल्या की पेटी बसते.
- गाडीत कोपऱ्यावर कोपरा येईल अशी थप्पी लावा. विटांसारखी सांधेमोड केली की कोपऱ्याचा भार खालच्या पेटीच्या मधोमध येतो आणि ती खचते.
- पावसाळी दमट हवेत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. तिथं तिप्पट पुरत नाही, चौपट-पाचपट धरा.

आणि तो चार रंगांचा सूर्य? साध्या मशिनवर पेटीच्या अंगभर गडद रंग छापला की रोलरच्या दाबानं नाळ्या चेपतात आणि पेटी कमजोर होते. म्हणजे जास्त पैसे देऊन भिंत पातळ करून घ्यायची. एक रंग, मोठी अक्षरं, तपकिरी पुठ्ठा. माल पोचेल.

खोकं म्हणजे कागदपत्र

वायगावच्या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, नागपुरी संत्र्याला 2014 साली. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावाचं नाव हळदीमुळं देशाच्या नोंदवहीत गेलं, ही लहान गोष्ट नाही. पण हे नाव कोणीही उठून खोक्यावर छापावं यासाठी नाही. 1999 च्या कायद्यानुसार ते वापरायचं तर उत्पादकानं 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करून घ्यावी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर या अर्जाचं शुल्क 10 रुपयांवर आणलं आहे. दहा रुपये! डिझाइनला हजारो रुपये देणारे आपण हा दहा रुपयांचा अर्ज करत नाही. मग बाहेरची हळद आणून 'वायगाव' म्हणून विकणाऱ्याला कोणत्या तोंडानं अडवायचं? त्याच्याही खोक्यावर तेच नाव, तुमच्याही. आणि नोंद दोघांचीही नाही.

तेच 'शंभर टक्के ऑरगॅनिक'चं. प्रमाणपत्र नसेल तर हे शब्द छापू नका. एक तक्रार आली की छापलेला सगळा गठ्ठा रद्दीत जातो.

छापायचं ते हे: मालाचं नाव, निव्वळ वजन, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, पॅकिंगचा महिना-वर्ष, सगळ्या करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. किरकोळ ग्राहकाला पॅकबंद माल विकताना 2011 चे पॅकबंद वस्तूंचे वजनमाप नियम हे मागतात. हळद पावडरला त्यावर एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर. बदलणाऱ्या गोष्टी मात्र ब्लॉकमध्ये घेऊ नका. तारीख, किंमत, प्रत, नग यांसाठी रिकामे चौकोन ठेवा आणि शिक्का मारा. नाहीतर पुढच्या वर्षी भाव बदलला की सगळी खोकी बाद.

माझ्या मते शेतकऱ्याची सगळ्यात मोठी जाहिरात म्हणजे तोडणीची तारीख. व्यापाऱ्याला ती छापणं परवडत नाही. आपल्याला परवडतं.

नाव कोणाचं?

इथं बरेच जण माझ्यावर रागावतील. दोन एकरांतल्या संत्र्यासाठी स्वतःच्या नावाची, स्वतःच्या फोटोची पेटी छापणं बंद करा.

हिशेब बघा. समजा ब्लॉक आणि डायला 6,000 रुपये लागले. 300 पेट्या काढल्या तर पेटीमागे 20 रुपये. 3,000 काढल्या तर 2 रुपये. शिवाय 300 पेट्यांसाठी कारखाना वेगळा कागद लावत नाही, जो मशिनवर असेल तो लावतो. म्हणजे लहान गिऱ्हाइकाला महागही पडतं आणि काय मिळेल याचीही खात्री नाही. दहा शेतकऱ्यांची एक ऑर्डर असेल, तर बुटीबोरी-हिंगण्याच्या पट्ट्यात चार कोटेशन मागता येतात आणि कागदही ठरवता येतो.

म्हणून गावाची, नाहीतर शेतकरी कंपनीची पेटी छापा. समोर मालाचं नाव आणि गाव. बाजूला शेतकऱ्याचा कोड, शिक्क्यानं. डागी माल निघाला तर कोडवरून शेतकरी सापडला पाहिजे. चांगला निघाला तरी सापडला पाहिजे. ही जबाबदारी नको म्हणून सामायिक पेटी नको असेल, तर तसं उघड म्हणा. "माझा ब्रँड" हे त्यावरचं पांघरूण आहे.

वर्ध्याला हे नवीन नाही. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचा कारभार आपल्या मगनवाडीतून चालला. कुमारप्पांसारखा माणूस तिथं बसून तेलघाणी, हातकागद, गूळ यांचा हिशेब मांडत होता. गावचा माल गावातच नीट तयार होऊन, नीट बांधून बाहेर जावा, हा विचार याच मातीत झाला आहे. आज त्याच गावांतला माल दुसऱ्या राज्याच्या सफरचंदाचं चित्र असलेल्या जुन्या खोक्यांतून जातो, तेव्हा मला लाज वाटते.

आता तुमचे आक्षेप

"खोक्यात काय ठेवलं आहे भाऊ, माल दमदार पायजे." बरोबर. पण दमदार माल खालच्या थरात चेपून रस गळत पोचला, तर त्याचा दम गिऱ्हाइकाला कुठं दिसणार?

"मंडीत कॅरेट चालते, मग पेटी काहून?" अगदी खरं. माल टनावर कळमन्याला जात असेल तर प्लास्टिकची कॅरेटच घ्या. ती धुता येते, परत येते, पावसात भिजत नाही. तिथं छापील पेटी नेणं म्हणजे पैसे उधळणं. बाग उक्ती दिली असेल तर खोक्याचा विचारही करू नका. पेटी फक्त तिथं, जिथं माल थेट गिऱ्हाइकाच्या, दुकानाच्या किंवा सोसायटीच्या दारात जातो आणि परत काही येत नाही.

"सरकार काही करत नाही." करतं, पण मागणाऱ्यांसाठी. पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचा जीएसटी 2024 च्या जुलैत 18 वरून 12 टक्क्यांवर आला. तो कमी करताना अर्थमंत्र्यांनी नाव घेतलं हिमाचल आणि जम्मू-काश्मीरच्या सफरचंदवाल्यांचं. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. संत्र्याचं नाव कोणी घेतलं नाही, कारण संत्रावाल्यांनी एका आवाजात खोकं मागितलंच नाही. आता निदान पक्कं बिल मागा आणि त्यावर 5 टक्केच लागलेत ना, ते बघा.

मागणी एकच

आर्वी, आष्टी, कारंजाच्या संत्र्यासाठी 5 आणि 10 किलोची, आणि समुद्रपूरच्या हळदीसाठी एक, अशी ठरलेल्या मापाची, ठरलेल्या जीएसएम-बीएफची पेटी जिल्ह्याच्या शेतकरी कंपन्यांनी एकत्र बसून ठरवावी. कृषी विभाग आणि आत्मानं त्यात मदत करावी. एक वर्ष ब्रँडिंगची प्रशिक्षणं बंद ठेवली तरी चालेल. त्या पैशात एक बर्स्टिंग टेस्टर घेऊन ठेवा. शेतकरी नमुन्याचं खोकं घेऊन येईल, फोडून बघेल आणि मग ऑर्डर देईल.

तोवर आपण आपलं काम करू. घरात जे खोकं पडलं असेल, त्यातून 10 बाय 10 चा तुकडा कापा, सोनाराकडे नेऊन तोला. किती प्लाय सांगितले होते आणि किती ग्रॅम भरले, एवढंच लिहा. कारखान्याचं नाव नको, फक्त आकडा. पंधरा-वीस आकडे जमले की पुढच्या हंगामाचं कोटेशन मागताना आपण सगळे एकाच कागदावर बोलू.