देश तसा वेश, पण वाणी कोणाची?

बुलढाणे, चिखली, मेहकर, खामगाव येथील सुशिक्षित घरांतून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी कितीतरी मुलेमुली मलकापूर किंवा शेगाव स्टेशनवर गाडीत बसतात आणि पुण्यामुंबईस रवाना होतात. त्यांतील काही पुढे साता समुद्रांपलीकडेही जातात. निरोप देताना वडीलधारी मंडळी ‘देश तसा वेश, तेथील लोकांसारखे राहावे’ हा एकच मंत्र त्यांच्या कानांत फुंकतात. उपदेश दिसावयास शहाणपणाचा आहे. तथापि त्यास जो अर्थ सांप्रत चिकटला आहे, तो आम्हांस घातक वाटतो. म्हणूनच त्याचा समाचार घेण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यातील खरा भाग प्रथम मान्य करू. परक्या शहरात गेलेला नवखा मनुष्य पहिले काही महिने एकच तक्रार करीत असतो, की येथे सगळाच गोंधळ आहे. आमच्या मते हा गोंधळ पुष्कळदा शहरात नसून नवख्याच्या अज्ञानात असतो. मुंबईच्या लोकल गाडीत कोणत्या बाजूस फलाट येणार, जलद गाडी कोणती व धिमी कोणती, उतरण्यासाठी किती आधी दाराकडे सरकावे, हे तेथील शाळकरी पोरासही अवगत असते. डबेवाले १८९० पासून लाखो लोकांच्या त्या रेट्यातून डब्यांवरील खुणांच्या आधारे घरचे जेवण कचेरीत पोचवीत आले आहेत. पुण्यातील कित्येक जुने दुकानदार दुपारी एक ते चार फळ्या लावून स्वस्थ झोप घेतात. बाहेरच्यास तो उद्धटपणा वाटतो, पुणेकरास तो नियम वाटतो. कॉट बेसिसवरची खोली, मेसचे कार्ड, आमटीतला गूळ या साऱ्यांशी नवख्याने मुकाट्याने जमवून घ्यावे. या बाबतीत शहराचे शिष्यत्व पत्करण्यात काडीचाही कमीपणा नाही.

परंतु म्हण वेशाविषयी बोलते, वाणीविषयी नाही. वेश उंबऱ्यावर उतरविता येतो व परत चढविता येतो. जिभेचे तसे नाही. आमचा मुलगा वर्गात ‘मले’, ‘तुले’ म्हणाला किंवा ‘तो येऊन राहिला’ म्हणाला, की बाकांवर खसखस पिकते. नाटकासिनेमांतही वऱ्हाडी बोलणारे पात्र पुष्कळदा हसे करण्यासाठीच आणलेले असते. दोनचारदा असे झाले की पोर सावध होते. मग दिवाळीस घरी आल्यावर ते आपल्या आजीलाच ‘मले नाही, मला म्हणावे’ असे शिकवू लागते, आणि आईबाप कौतुकाने म्हणतात, ‘पोरगा सुधारला!’ या सुधारणेचा आम्ही निषेध करितो. ज्या बोलीत आजीने त्याला निजविले त्याच बोलीची लाज वाटावयास लावणे, यास जुळवून घेणे म्हणत नाहीत. याला शरणागती म्हणतात.

शिवाय हसणारांस आपण कशास हसतो याची शुद्ध आहे काय? मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो ते ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटाने तेराव्या शतकात वऱ्हाडातल्या ऋद्धिपुरास सिद्ध केले. ज्या श्रीचक्रधरांच्या लीळा त्यात आहेत, त्यांचा संचार आमच्या लोणारासही झाला होता. पुण्याचीच गोष्ट काढावयाची तर १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेने ते गाव बेचिराख केले. त्यानंतर बाल शिवाजीस घेऊन तेथे आलेली आणि ती उजाड भूमी पुन्हा नांदती करणारी जिजाबाई कोठली? ती आमच्या सिंदखेडराजाची, लखुजीराव जाधवांची लेक. सोन्याच्या नांगराची कथा पुणेकर अभिमानाने सांगतात. तो नांगर धरविणारी माउली वऱ्हाडच्या सीमेवरून आली होती, एवढे मात्र सोयीस्कर रीतीने विसरतात.

हा परकेपणा सर्वस्वी स्वभावदोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्यास इतिहास आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडला गेला, आणि मुंबई राज्यात आला तो थेट १९५६ मध्ये. तोवर पुणे आम्हांस परप्रांतच होते. पण राज्याची सीमा पुसून इतकी वर्षे लोटल्यावरही मनातली सीमा राखून ठेवणे कोणास शोभते?

यावर कोणी विचारील, प्रमाणभाषा शिकू नये काय? अवश्य शिकावी. न्यायालयात, ग्रंथात, व्याख्यानपीठावर एक समाईक भाषा हवीच. आम्हीही हा लेख त्याच भाषेत लिहीत आहोत. परंतु दुसरी भाषा येण्यासाठी पहिली टाकावी लागते, हा सिद्धान्त कोणत्या शास्त्रातला? कोकणातले बेने इस्राएल १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलास गेले, हिब्रू शिकले, तेथील राज्याचे नागरिक झाले. तरी त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथे चालविले. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या. विद्या इंग्रजीतून घेतली, पण लुगडे व शाकाहार सोडला नाही, आणि १८८६ मध्ये पदवी मिळविली ती हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून.

याच्या उलट टोकाचा दोषही आम्ही झाकून ठेवीत नाही. थंड हवेचे बुलढाणे इंग्रज अधिकाऱ्यांस मानवले. परंतु बंगला, क्लब, खानसामा यांच्या कुंपणात त्यांनी आपली विलायत वेगळी वसविली आणि वर्षानुवर्षे राहूनही बहुतेक जण येथे पाहुणेच राहिले. आमची पोरे पुण्यात केवळ आपल्याच तालुक्याच्या सोबत्यांत कोंडून घेऊन शहराला शिव्या देत दिवस काढतील, तर ती याच साहेबांची गरीब आवृत्ती ठरतील. राज्यकर्त्यास अलिप्तता परवडते. पोटासाठी व विद्येसाठी गेलेल्यास ती परवडत नाही.

तेव्हा आमचे मागणे दोघांकडे आहे. पुण्यामुंबईच्या शिक्षकांनी व मुलाखत घेणारांनी मुलाचे ज्ञान तपासावे, त्याच्या विभक्तिप्रत्ययांवर हसू नये. आणि वऱ्हाडातील आईबापांनी निरोपाचा मंत्र बदलावा. ‘बाळ, तेथील नियम शीक, तेथील माणसे जोड, तेथले चांगले ते घे, आणि घरी फोन केलास म्हणजे आजीशी तिच्याच बोलीत बोल,’ असे त्यांनी सांगावे. ज्याला आपल्या बोलीची लाज नाही, त्यालाच परक्या शहरात ताठ मानेने नम्र होता येते.