लाडाने मरणारे झाड

वाढदिवस, बढती, गृहप्रवेश अशा मंगल प्रसंगी पुष्पगुच्छाऐवजी कुंडीतले ऑर्किड नजर करण्याचा जो शिरस्ता मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात अलीकडे रूढ झाला आहे, त्याचे स्वागत करावे असेच प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. कारण गुच्छ चार दिवसांत कोमेजतो, तर फॅलेनॉप्सिसचा फुलोरा दोन-दोन, तीन-तीन महिने टवटवीत राहतो. परंतु शेवटचे फूल गळाल्यावर त्या कुंडीची वासलात काय लागली, याची चौकशी केली तर ती बहुधा कचऱ्याच्या डब्यापाशी येऊन थांबते. नीट सांभाळल्यास जे झाड वर्षानुवर्षे फुलले असते, त्याला आपण असे अल्पायुषी करतो आणि वर ‘ऑर्किड फार नाजूक, आपल्या हवेत ते जगत नाही’ असा निवाडा देऊन मोकळे होतो. हा निवाडा आरोपीची बाजू न ऐकता दिलेला आहे. आपल्या घरांत ऑर्किड हेळसांडीने मरते त्याहून कितीतरी अधिक वेळा ते लाडाने मरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरोघरी येणारी फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम ही ऑर्किडे मूळची वृक्षवासी. झाडाच्या फांदीवर ती राहतात म्हणून त्यांना बांडगूळ समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, कारण आश्रयदात्या वृक्षाच्या रसाचा एक थेंबही ती घेत नाहीत; सालीच्या खाचेत साचलेला पालापाचोळा, वाहत्या हवेतला ओलावा आणि अंगावरून ओघळून जाणारे पावसाचे पाणी एवढ्यावर त्यांचा निर्वाह चालतो. त्यांची मुळे जाड असून त्यांवर मृत पेशींचे स्पंजासारखे वेष्टन असते. कोरडे असताना हे वेष्टन रुपेरी दिसते, आणि पाणी पडताच ते पाणी शोषून घेऊन आपल्या डोळ्यांदेखत हिरवे होते. पाणी केव्हा द्यावे हे सांगणारा याहून विश्वासू कारकून शोधून सापडणार नाही: मुळे रुपेरी झाली की पाणी द्यावे, हिरवी असतील तर हात आवरावा.

नेमके हेच आपल्याला जमत नाही. तुळशीला रोज पाणी घालण्याच्या पिढीजात सवयीने आपण ऑर्किडच्याही बुडाशी रोज तांब्या रिता करतो. शोभेसाठी त्याची कुंडी छिद्र नसलेल्या चिनी मातीच्या पात्रात ठेवतो, आणि तळाशी साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरून कुजतात. मुळे कुजली की पाणी वर चढत नाही, पाने सुरकुततात, आणि ती सुरकुतलेली पाने पाहून आपण झाडाला तहान लागली असे समजून आणखी पाणी घालतो. दुकानातून आणलेले फॅलेनॉप्सिस फुले ओसरल्यावर कुंडीतून अलगद काढून पाहावे. पुष्कळदा मुळांच्या गाभ्यात रोपवाटिकेने घातलेला मॉसचा घट्ट गोळा सापडतो आणि बाहेरून कोरडा दिसणारा हा गोळा आतून आठवडाभर ओला असतो. तो काढून टाकावा, कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने छाटावीत, आणि लोणारी कोळसा, विटांचे तुकडे व नारळाच्या सोडणाचे तुकडे यांत झाड मोकळेपणी बसवावे. मातीचे येथे काम नाही. पूर्वेच्या खिडकीतले कोवळे ऊन फॅलेनॉप्सिसला पुरते, डेंड्रोबियमला त्याहून अधिक उजेड लागतो. दुपारच्या उन्हाने मात्र पाने भाजतात. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये, बोअरच्या क्षारयुक्त पाण्यापेक्षा पावसाचे पाणी साठवून वापरावे, आणि खत द्यायचेच तर अगदी पातळ करून द्यावे. कुंडीबाहेर वाकडीतिकडी लोंबणारी मुळे कुरूप दिसतात म्हणून ती छाटू नयेत. तो झाडाचा श्वास आहे. एवढी तजवीज केली की हिवाळ्यात रात्रीचा पारा उतरल्यावर पानांच्या बगलेतून नवा दांडा डोकावण्याची आशा धरता येते.

लाडाचा हा दोष केवळ आपलाच आहे असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडातील धनिकांनी उष्ण प्रदेशांतून हजारो ऑर्किडे मागवली आणि ती सर्व दमट अरण्यातलीच असणार अशा समजुतीने त्यांना कोंदट, तापलेल्या काचगृहांत कोंडून घातले. त्यांतली कित्येक थंड, वाऱ्याच्या डोंगरमाथ्यावरची होती, ती तेथे तडफडून मेली. चॅट्सवर्थच्या जोसेफ पॅक्स्टनसारख्या माळ्यांनी खेळत्या हवेची आणि निरनिराळ्या तापमानाची काचगृहे उभारली, तेव्हा कोठे हा संहार आटोक्यात आला. संग्राहकांची हाव मात्र आटोक्यात आली नाही. जोसेफ हूकर यांच्यासारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानेही 1850 मध्ये खासी टेकड्यांतून निळ्या वांडा या ऑर्किडची सात माणसांच्या ओझ्याइतकी झाडे क्यूच्या उद्यानासाठी गोळा केली, आणि त्यांतली फारच थोडी जिवंत पोहोचली.

या इतिहासाची लहान प्रमाणावर पुनरावृत्ती आपल्या सह्याद्रीत आजही होते, आणि माझी तक्रार आहे ती मुख्यत्वे हीच. मृगाच्या आगेमागे घाटातल्या जुन्या वृक्षांवर सीतेची वेणी हे ऑर्किड फुलते. पांढऱ्या-गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचा तो भरगच्च, लोंबता घोस पाहून एखाद्या हौशी प्रवाशाला तो सज्जात टांगावासा वाटतो, आणि फांदीसकट झाड मोटारीच्या डिकीत जाते. सालीला घट्ट चिकटलेली मुळे ओरबाडताना तुटतात आणि घाटातले धुके सज्जात मिळत नाही. त्यामुळे असे झाड पुष्कळदा पुन्हा न फुलताच वाळते. राखीव वनातून अशी वस्तू उचलणे बेकायदा आहे, ही बाब वेगळीच.

या ओरबाडण्याला आता कसली सबबही उरलेली नाही. ऑर्किडच्या एका बोंडात लाखो बिया असल्या तरी त्या धुळीसारख्या सूक्ष्म असून त्यांत अन्नाची शिदोरी नसते, आणि विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याखेरीज निसर्गात त्या रुजत नाहीत. 1922 मध्ये अमेरिकेतील लुईस नड्सन यांनी अगार आणि साखर यांच्या मिश्रणावर बुरशीवाचून त्या रुजवून दाखवल्या. 1960 मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून एकसारखी रोपे तयार करण्याची वाट खुली केली. एके काळी सरदार-उमरावांची मिरास असलेले ऑर्किड आज नोकरदाराच्या खिशाला परवडते, ते या प्रयोगशाळांच्या कृपेने.

झाडाला बुडवणारा तांब्या आणि फांदी तोडणारा कोयता यांच्या मागची वृत्ती एकच: जे आवडले त्याचा स्वभाव जाणून घेण्याआधी त्याच्यावर ताबा मिळवण्याची. म्हणून वाचकांना विनंती अशी, की ऑर्किड विकत घेताना त्याचे नाव विचारा, ते रोपवाटिकेत वाढवलेले आहे याची खातरजमा करून घ्या, आणि भेट देणार असाल तर निगेच्या चार ओळी लिहून सोबत जोडा. फांदीच्या सालीसकट विकायला आलेले झाड कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. त्याला गिऱ्हाईक मिळणे बंद झाले, की कोयताही थांबेल.